पाटीवरचा चिखल

घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत असत. जुन्या गाड्यांची त्यांना इतकी जाण होती की सारा परिसर त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या हाताखाली केरबा नावाचा तिशीतला शिष्य होता. एके काळी लोकांच्या टाक्यांतून डिझेल चोरणारा म्हणून तो बदनाम होता. अशा माणसाला उस्तादांनी का ठेवून घेतले, हे त्याचे त्यालाही कधी उमगले नव्हते.

एका सकाळी दूधवाले शेठ आपली जुनी फोर-व्हील पिकअप घेऊन आले. वरच्या वाडीला जाणारी तेवढीच एक गाडी. दूधही तिच्यातून खाली यायचे आणि आजारी माणूसही. पण चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला की ती कण्हायची, अडायची. मधला गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा खोलून झाला होता, तरी दुखणे तसेच. केरबाला पाहताच शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"उस्ताद, गाडी तुमी बघा. ह्याला हात लावू देऊ नका. ह्याच गाडीच्या टाकीत नळी घालताना धरला हुता मी ह्याला."

"गाडी त्योच बघणार," उस्ताद म्हणाले. "पटत नसंल तर घिऊन जावा."

जवळपास दुसरा मिस्त्री नव्हता, म्हणून शेठनी नाइलाजाने गाडी तिथेच उभी केली. केरबाला मात्र ठाऊक होते: आज चुकलो तर चोर तो चोरच, आणि वर अडाणी, एवढेच लोक म्हणणार होते.

"आधी दोन्ही अ‍ॅक्सल कुठले हायत त्ये वळख," उस्तादांनी सांगितले.

केरबा गाडीखाली शिरला. अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याचे झाकण बघायचे, त्याच्या बोल्टखाली अडकवलेली पत्र्याची पाटी वाचायची, हे त्याला पाठ होते. त्याने साचलेला चिखल खरवडला, रॉकेलने पुसून पाट्या लख्ख केल्या. पुढे आणि मागे आकडा एकच होता: चाकाची एक फेरी, तर गिअरबॉक्सकडून येऊन अ‍ॅक्सल फिरवणाऱ्या शाफ्टच्या चार.

"दोन्ही जोडीचेच हायत, उस्ताद. मजी दोष गिअरबॉक्सचाच."

"मग! गाडी मूळचीच हाय," शेठ म्हणाले. "पाटी कशाला खोटं बोलंल?"

उस्तादांनी खाली वाकून मूठभर चिखल उचलला आणि केरबाने घासून लख्ख केलेल्या मागच्या पाटीवर थापला.

"आता सांग, कुठला हाय?"

केरबा बघतच राहिला. चिडावे की हसावे, त्याला कळेना. आता तर वाचायला अक्षरही उरले नव्हते. म्हातारपणी उस्तादांचे डोके फिरले की काय, अशीही शंका त्याला चाटून गेली.

"जॅक लाव," उस्ताद म्हणाले.

पुढची चाके उचलली, चाकावर आणि शाफ्टवर खडूची रेघ ओढली. दोघांनी दोन बाजूंची चाके एकदम, सावकाश, एक फेरी फिरवली. शाफ्ट चार वेळा फिरला. मग मागची चाके उचलली. शाफ्टची चौथी फेरी संपली तरी चाकांची एक पुरी होईना. ती पाचव्या फेरीला झाली. केरबाला वाटले आपलेच मोजणे चुकले. त्याने पुन्हा मोजले. पुन्हा पाचच.

"पाटी चार म्हणती, चाक पाच म्हणतंय," तो गोंधळून म्हणाला. "खोटं कोण बोलतंय, उस्ताद?"

"कुणीच न्हाई. कवातरी मागचा अ‍ॅक्सल तुटला असंल. दुसऱ्या गाडीचा बसवला, पर त्याचं झाकण चेपलेलं असंल, म्हणून जुनंच झाकण पाटीसकट परत लावलं. समदे मिस्त्री करत्यात, मीबी केलंय. पाटी लावली त्या दिशी ती खरीच हुती. फुडं काय बदललं ते तिला ठावं न्हाई. आज काय हाय ते इचारायचं, तर चाक फिरवून बघाय लागतं. फुडचा चार फेऱ्या मागतो, मागचा पाच, आन् मधी गिअरबॉक्स पिळला जातो. आपण पाटी वाचतो आन् त्या बिचाऱ्यालाच दोष देतो."

"वडलांच्या येळंला घाटात तुटली हुती खरी," शेठ पुटपुटले. त्यांची नजर चिखलाने झाकलेल्या पाटीवरून केरबाच्या काळ्या झालेल्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली.

केरबाने मागचा अ‍ॅक्सल पुढच्याच्या जोडीचा केला. गाडी न्यायला शेठ आले तेव्हा उस्तादांनी चावी पुढे केली. शेठनी ती घेतली आणि केरबाच्या हातात ठेवली.

"वाडीपातूर तूच एकला घिऊन जा, चढाला कशी चालती बघून ये," ते म्हणाले. "टाकी भरलेली हाय."

केरबाने चावी मुठीत धरली. त्याने उस्तादांकडे पाहिले. ते पान्यावरचा चिखल पुसत होते. त्यांनी आपल्याला का ठेवून घेतले होते, हे त्याला तेव्हा कुठे कळले.