विजयी रथाच्या ढलप्या

पुष्कळ वर्षांपूर्वी, राजे स्वतः रथात उभे राहून लढाईला जात त्या काळी, एका राज्यात शिदोजी नावाचा सारथी होता. उमेदीची सगळी वर्षे त्याने राजाचा रथ हाकला. शेवटची मोठी लढाई राजाने जिंकली, पण परत येताना नगराच्या वेशीपाशीच रथ मोडून पडला. आस तुटली, एक चाक निखळले, बैठक मधोमध चिरली.

राजा खाली उतरला आणि म्हणाला, "शिदोजी, आता तूही थकलास आणि हा रथही. घेऊन जा घरी. याचे जे काही येईल ते तुझे."

शिदोजीने बैल लावून रथ अंगणात ओढून आणला. लाकूड सागाचे होते, पण जागोजागी भेगा पडलेल्या. वखारवाला आला, रथाभोवती एक फेरी मारली आणि सरपणाचा भाव सांगून गेला. शिदोजी हिरमुसला.

"अख्खं आयुष्य यावर गेलं," तो बायकोला, लाडाईला, म्हणाला, "आणि याची किंमत चुलीपुरती?"

"घाई कशाला करता? राहू द्या चार दिवस अंगणात," लाडाई म्हणाली.

दुसऱ्याच सकाळी शेजारचा कुंभार आला. त्याचा मुलगा सैन्यात निघाला होता. "या रथात उभ्या राजाला एकही बाण लागला नाही म्हणतात. एवढीशी ढलपी द्या, पोराच्या दंडाला बांधतो." आणि शिदोजी नको नको म्हणत असताना त्याने चांदीचे नाणे ओट्यावर ठेवले.

मग काय विचारता! दुपारपर्यंत बातमी नगरभर झाली. दाराशी ही रांग लागली. कोणाला तुकडा उंबरठ्यात बसवायचा होता, कोणाला तान्ह्याच्या पाळण्याला बांधायचा होता, कोणाला दुकानाच्या गल्ल्यात ठेवायचा होता. शिदोजी करवत चालवायचा, लाडाई तुकडे वाटायची. प्रत्येक तुकड्याची हकीकत शिदोजी रंगवून सांगायचा. हा राजाच्या उजव्या हाताखालचा, हा नदी ओलांडताना भिजलेला. लोक डोळे मोठे करून ऐकायचे. सगळे खरे होते आणि सांगताना त्याचाही ऊर भरून यायचा.

बघता बघता रथ संपला. अंगण झाडून झाले, आणि नेमका त्याच संध्याकाळी डोंगरापलीकडचा एक म्हातारा धापा टाकत येऊन पोहोचला. शिदोजीला त्याची दया आली. इतक्या लांबून आलेल्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? गोठ्याचा एक जुना सागाचा वासा पडून होता. त्याने त्याचाच तुकडा कापला, रथाचा वाटावा म्हणून वंगणाचे बोट फिरवले आणि दिला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांना लावला. मग तो आशीर्वाद देत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वासा संपला. तिसऱ्या दिवशी शिदोजीने पडक्या घरांचे साग विकत आणले.

"आता पुरे," लाडाई म्हणाली. "आपला रथ कधीच संपला."

"लोकांचा कुठे संपलाय अजून?" शिदोजी हसला.

पावसाळे गेले. शिदोजीचे घर दुमजली झाले. मग राजाला नातू झाला आणि नगरात दवंडी फिरली, "नातवाची मिरवणूक त्याच विजयी रथातून निघणार. ज्यांच्याकडे तुकडे असतील त्यांनी ते चौकात आणावेत. सुतार रथ पुन्हा जोडतील."

लाडाईचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता जा आणि राजाला खरं काय ते सांगा."

"एवढ्या ढिगात कोणाला काय कळणार?" शिदोजी म्हणाला.

चौकात जत्रा लोटली. ढोल वाजत होते, लेझीम चालली होती. उंबरठ्यांतून, पाळण्यांवरून सोडवलेले तुकडे लोक मोठ्या अभिमानाने आणून देत होते. सुतारांनी जुळवायला घेतले. थोड्याच वेळात एका रथाचे लाकूड भरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांग तशीच होती. दुसऱ्या रथाचे भरले. लोक हसू लागले. तिसऱ्याचे भरले तेव्हा ढोल थांबले.

सगळ्यांच्या नजरा शिदोजीकडे वळल्या. तो राजासमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याने सगळे कबूल केले.

तेवढ्यात गर्दीतून एक कोष्टीण पुढे आली. तिच्या मुठीत एक ढलपी होती. "मी पहिल्याच दिवशी घेतली होती, शिदोजीबाबा. माझी तरी खरी ना?"

"तुझी खरी आहे गं बाई," शिदोजी कळवळून म्हणाला. "देवाशप्पथ खरी आहे."

तिने ढलपीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "असंच तुम्ही सगळ्यांना सांगत होतात," ती म्हणाली आणि तिने ढलपी ढिगावर टाकून दिली.

राजाचा रथ त्या ढिगात होता, पण तो कोणालाच सापडला नाही. राजाने निवाडा दिला की ज्याने तुकड्यासाठी जे पैसे दिले ते त्याला परत मिळावेत. खरे तुकडे कोणाचे आणि खोटे कोणाचे, हे शिदोजीने सांगितले तरी आता कोणी मानायला तयार नव्हते. म्हणून शिदोजीला प्रामाणिकपणे मिळवलेले पैसेही परत करावे लागले, आणि त्यासाठी दुमजली घर विकावे लागले.

म्हणून ध्यानात ठेवा: खऱ्यात एकदा खोटे मिसळले की खऱ्याचीही किंमत जाते.