कुरणवाडीचा घाणा आणि सरकारी आकडा

कुरणवाडी नावाच्या गावात एक भोळा घाणेवाला होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

त्याचं नाव गेनू. घरी लाकडी तेलघाणा, घाण्याला पवळ्या बैल, आणि आता नवी बायको इंदू. इंदू फारसं बोलायची नाही. नवी नवरी लाजते, असं गावाला वाटायचं. खरं म्हणजे आल्या दिवसापासून ती नुसती बघतच राहिली होती.

पवळ्या म्हातारा झाला होता. चार फेरे मारले की थांबायचा आणि आता तू ये, अशा नजरेनं गेनूकडं बघायचा. इंदूच्या वडिलांनी लग्नात विजेची मोटार दिली होती, पण ती चालवायला धंद्याची वीजजोडणी हवी. तालुक्याचे साहेब येणार, घाणा खरंच चालतो का ते बघून लिहून नेणार, मग जोडणी मिळणार. नाही मिळाली तर पवळ्याबरोबर घाणाही बसणार. हे गेनूच्या आईला, इंदूच्या सासूबाईंना, कळत होतं, इंदूला कळत होतं. पवळ्यालाही कळत असावं.

एक दिवस ग्रामसेवक बोराडे भाऊसाहेब एक पुस्तिका घेऊन आले. जिल्ह्यात कोणते धंदे किती, त्यांत माणसं किती, हे सरकारनं मोजून छापलेलं.

"गेनू, वाच हे. धंद्याच्या चार गोष्टी कळतील."

गेनूनं पुस्तिका आधी कपाळाला लावली, मग वाचली. "भाऊसाहेब, इथं लिहिलंय, एका घाण्यामागं सरासरी अडीच माणसं."

"असतील."

"आमच्यात दोनच. मी आणि गडी महिपत. अर्धं माणूस कमी पडतंय. आकडा बिघडतो."

भाऊसाहेब हसले. त्यांना वाटलं, पोरगं गंमत करतंय.

गेनूनं दुसऱ्या दिवशी चुलत्याला कामाला बोलावलं. तात्यांनी सकाळभर मन लावून घाण्यात दाणे टाकले. ऊन डोक्यावर आलं तसं गेनूनं त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"तात्या, पुरे. तुम्ही अर्धे झालात."

"अर्धा? काय झालंय मला?"

"उरलेले अर्धे मोजणीत नाहीत. आता घाण्याला हात लावू नका, आकडा बिघडतो."

तात्यांनी पटका उचलला आणि गेले. पुन्हा त्या दाराकडं त्यांनी मान वळवली नाही.

भाऊसाहेबांनी कपाळ बडवलं. "अरे, सरासरी म्हणजे माणूस कापायचं नसतं! सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं. हिशेबात, गेनू, हिशेबात!"

"हे आधी सांगायचं की," गेनू म्हणाला. एकत्र करायचं, सारखं वाटायचं, असं घोकत तो घरी आला. 'हिशेबात' तेवढं वाटेत पडलं.

घरी शेंगदाण्याचं तेल होतं, करडईचं होतं आणि एरंडेल होतं. गेनूनं तिन्ही एका पिंपात ओतली, काठीनं ढवळली आणि डबे भरले.

इंदू दारातून म्हणाली, "अहो, त्यात एरंडेल आहे."

"हे सरासरी तेल आहे."

डबे सरपंचांकडं गेले. त्यांच्या नातीचं बारसं होतं. भजी मात्र कुरकुरीत झाली होती, असं सगळे नंतर म्हणाले. पहिली पंगत ताटावर फार टिकली नाही. दुसरी बसलीच नाही, कारण पहिली अजून ओढ्याकाठीच होती. पहिल्या पंगतीत भाऊसाहेब होते.

सकाळी ते भिंतीला धरून उभे राहिले. आवाज खोल गेला होता. "गाढवा, जे वेगळं ते वेगळं ठेवावं. पुस्तिकेत बघ. शेती वेगळी, दुकान वेगळं. जे कशातच नीट बसत नाही ते शेवटी 'इतर'मध्ये. आधी प्रकार पाड, मग बाकीचं."

"हे आधी सांगायचं की."

त्याच आठवड्यात इंदूचे वडील लेकीला भेटायला आले. गेनूनं सासऱ्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"मामा, तुम्ही शेतकरी की दुकानदार?"

"शेती आहे, किराणाचं दुकानही आहे. का हो, जावईबापू?"

"मग पंचाईत झाली," गेनू म्हणाला. ओसरीवर त्यानं शेतकऱ्यांचा पाट मांडला होता आणि माजघरात दुकानदारांचा. मामांना त्यानं मागच्या शेळीच्या खोपटात नेऊन बसवलं.

"इथं?"

"इथं इतर."

सासूबाईंनी डोक्याला हात लावला. इंदूनं वडिलांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली. ती शेळीनं खाल्ली.

सासूबाई लेकाचा कान धरून त्याला भाऊसाहेबांकडं घेऊन गेल्या. "हे तुमच्या पुस्तकानं केलंय. तुम्हीच निस्तरा."

भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, "गेनू, कुणाचा धंदा असा चव्हाट्यावर आणू नये रे. सरकार बघ. मोजतं सगळ्यांना, पण नाव कुणाचं छापत नाही. गावात एखादा धंदा एकाचाच असला तर त्याचा आकडाही देत नाही. नुसती रेघ मारतं. कुणाचं आतलं बाहेर कळू नये म्हणून."

"म्हणजे सांगायचं नाही."

"नाही सांगायचं!" भाऊसाहेब आता फार थकले होते.

आणि मग तालुक्याचे साहेब आले. इंदू आत ताक घुसळत होती. तिला फटफटीचा आवाज आला, म्हणून ती पेले पुसायला लागली.

बाहेर साहेबांनी विचारलं, "घाणा तुमचाच ना?"

"सांगता येत नाही."

"नाव काय तुमचं?"

"तेही नाही."

"अहो, समोर तेल गळतंय!"

गेनूनं पिंपावर पोतं टाकलं. "कुठं?"

"आणि हा बैल?"

गेनूनं पवळ्यावर घोंगडी टाकली, शिंगांसकट. पवळ्या तिथंच बसला. "साहेब, गावात एकच आहे, म्हणून बोलता येत नाही. तुम्ही रेघ मारा."

"माझी चेष्टा करता?" साहेबांनी रागानं लिहिलं, 'घाणा आढळला नाही,' आणि खाली खसकन रेघ ओढली.

इंदू ताक घेऊन बाहेर आली तेव्हा फटफटीचा धूर तेवढा उरला होता.

"मारली, रेघ मारली!" गेनू नाचत होता. "आपलं कुणाला कळलं नाही!"

जोडणी आली नाही. मोटार कोपऱ्यात पडून राहिली, तिच्यावर कोंबडी अंडी घालू लागली. पवळ्या दोन फेऱ्यांवर आला. तरी घाणा कण्हत कुंथत चालत होता.

पुढच्या साली तालुक्याच्या नोंदींवरून नवी पुस्तिका छापून आली. गेनूनं कपाळाला लावून उघडली आणि त्याचा चेहरा पडला. कुरणवाडी, तेलघाणे: नाहीत.

त्यानं पुस्तिकेकडं पाहिलं. घाण्याकडं पाहिलं. पुन्हा पुस्तिकेकडं पाहिलं. सरकार छापून खोटं कसं बोलेल?

इंदू आणि सासूबाई बाजारातून परत आल्या तेव्हा अंगणात सरपणाचा ढीग होता. जाड लाकडं वेगळी, बारीक वेगळी. घाण्याच्या जागी खड्डा होता आणि पवळ्या सवयीनं त्याच्याभोवती फिरत होता.

"आता आकडा जुळला," गेनूनं कुऱ्हाड खाली ठेवून घाम पुसला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण इंदू, घाणेवाला तर मी राहिलो नाही. शेती नाही, दुकान नाही. मग मी आता कशात बसतो?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. इंदूनं पिशवी ठेवली. आत जाऊन तिनं ताट वाढलं, बाहेर आणून नवऱ्याच्या हातात दिलं आणि मागच्या खोपटाकडं बोट केलं.

"इतर," ती म्हणाली.

शेळीनं सरकून जागा दिली.