आडवा हात

खर्र... खर्र...

रिकाम्या तपेल्याच्या बुडाला ओगराळं घासल्याचा तो आवाज विश्वंभरने लहानपणी, एका दुष्काळी साली, याच मठात ऐकला होता. त्या दिवशी जानूबाबांनी आपल्या पानातल्या कण्या त्या पोरक्या पोराच्या पानात सारल्या होत्या. पुढे पोर खासदार झालं, दिल्लीला गेलं. तशा कण्या मात्र त्याला पुन्हा कुठंच मिळाल्या नाहीत.

“मग मी काय करायला हवं होतं, बाबा?” आज तो विचारत होता.

बाबा चुलीवरच्या कण्या ढवळत राहिले.

यंदाही साल टंचाईचंच. देशाच्या अंदाजपत्रकात शाळेतल्या पोरांच्या जेवणाला कात्री लागली होती आणि सरकारी विश्रामगृहांचा खर्च वाढला होता. तो खर्च कमी करावा, अशी सूचना विश्वंभरने लिहूनही ठेवली होती. कागद खिशातच राहिला. सभागृहात सगळे ‘होय’ म्हणाले. त्यात तोही.

“खर्च वाढवायचा अधिकार आम्हाला नाही, बाबा. वाढणारे मंत्री. आम्ही फार तर म्हणणार, इथलं कमी करा. एवढ्याशा अधिकारानं कुणाचं पोट भरतं?”

“तेही खरंच...” बाबा म्हणाले. “बस पंगतीला.”

“आणि माझं उत्तर?”

“आधी जेव. उपाशी माणूस लई बोलतो.”

पंगत बसली. वीसेक माणसं, शेवटी गावातली ठकूआजी. पहिलं पान विश्वंभरचं. बाबांनी त्याला एक ओगराळं कण्या वाढल्या. मग दुसरं. तिसरं...

“मारा आडवा हात, साहेब!” शेजारचा किसन लोहार म्हणाला. “दिल्लीत असलं न्हाई मिळायचं!”

चौथ्या ओगराळ्याला कण्या पत्रावळीबाहेर आल्या.

“बांध घाला, साहेब, बांध! ओघळ दिल्लीला पोचंल!”

पंगत हसली. बाबांच्या हातचं ‘नको’ कसं म्हणावं? याच वाढण्यासाठी तर तो इतकी वर्षं झुरला होता.

बाबा पुढं सरकले. एकेक पान... एकेक पान... आणि शेवटच्या पानाशी,

खर्र... खर्र...

विश्वंभर अर्धवट उठला.

“आजीला माझ्यातलं द्या, बाबा!”

“पाहुण्याच्या पानातलं काढत नाहीत.”

बाबा आत गेले. शिंक्यावरची आपली अर्धी भाकरी आणून त्यांनी ठकूआजीच्या पानावर ठेवली. तिने ती मोडली. एक तुकडा बाबांच्या हातावर परत ठेवला, उरलेला पदराला बांधला आणि मठाच्या उताराची वाट धरली.

विश्वंभर तिच्या पाठीकडे बघत राहिला.

“बाबा... वाढत तर तुम्हीच होता!”

“हो... मीच होतो.”

बाबा त्याच्याजवळ बसले. लहानपणी अक्षर गिरवून घेताना धरायचे, तसाच त्यांनी त्याचा उजवा हात धरला. तळवा सरळ केला आणि भरल्या पानावर आडवा ठेवला.

“आडवा हात नुसता मारायचा नसतो, विशा... धरायचाही असतो.”