सलोमे आणि ऊनऊन झऱ्याची परी

सलोमेच्या घरात माणसं दोनच, ती आणि तिची आई रोझीन. बाकी सगळ्या चादरीच चादरी! ओल्या चादरी, वाळलेल्या चादरी, घडी घातलेल्या, घडी मोडलेल्या. सलोमे अगदी तान्ही असताना जंगलात झाड अंगावर पडून तिचे बाबा गेले. तेव्हापासून आई गावच्या स्नानगृहाचं धुणं धुवायची. धुण्याचा ओढा डोंगरावरून यायचा. भर उन्हाळ्यातही त्याचं पाणी बर्फासारखं गार. दिवसभर त्यात हात घालून आईचे हात बिटासारखे लालेलाल झाले होते आणि बोटाबोटाला चिरा पडल्या होत्या. संध्याकाळी सलोमे ती बोटं आपल्या इवल्याशा ओंजळीत घ्यायची आणि हळूहळू फुंकर घालायची.

"आता नाही हं दुखत," आई म्हणायची. पण दुखायचंच.

त्यांचं गाव होतं लिंडेनब्रुन. दूर तिकडे, फ्रान्स आणि जर्मनी हातात हात घालून उभे आहेत ना, तिथल्या आल्सास नावाच्या हिरव्या मुलखातलं चिमुकलं गाव. मागे निळे निळे डोंगर, पुढे द्राक्षांचे मळे. घरांना लाल कौलं, खिडक्यांत गुलाबी फुलांच्या कुंड्या आणि चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचं भलंमोठं घरटं. गावाच्या मधोमध होता ऊनऊन पाण्याचा झरा. त्या पाण्यात न्हालं की दुखरे गुडघे हलके व्हायचे, म्हणून उन्हाळ्यात शहरांतून श्रीमंत पाहुणे यायचे आणि झऱ्यालगतच्या स्नानगृहात उतरायचे. झऱ्याभोवती सुंदर बाग होती. बागेत घोड्यावर बसलेल्या एका सरदाराचा पुतळा होता. शिकारीला आलेल्या या सरदारानेच झरा शोधून काढला, असं सगळे पाहुण्यांना सांगायचे.

बागेत सलोमेचं काम एकच. झऱ्याचं पाणी पेल्यात भरायचं आणि न सांडता पाहुण्यांना द्यायचं.

एका सकाळी तिथं आदेलाईद आली. आकाशी झगा, सोनेरी कुरळे केस, आणि बुटांवर चांदीची टिकली लुकलुक लुकलुक! तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि नाक मुरडलं. "ई! सडक्या अंड्याचा वास!" सलोमेला हसू फुटलं. आदेलाईदही हसली. झालं, दोघींची गट्टी जमली. त्या फुलांच्या ताटव्यांतून धावल्या, कारंज्याच्या तुषारांत भिजल्या. सलोमेच्या अंगावर चर्चला जायचा एकुलता एक चांगला झगा होता, त्यामुळे तीही मोठ्या घरचीच वाटत होती.

"तुमचं घर कुठं आहे?" आदेलाईदने विचारलं.

"त्या टेकडीवर," सलोमेने बोट दाखवलं. टेकडीवर एक पांढरा बंगला होता. खोटं तोंडून इतकं अलगद निघून गेलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात बागेच्या फाटकातून हाक आली. "सलू! ए सलू!"

आई होती. कमरेवर धुण्याची टोपली, केस विस्कटलेले, ओला एप्रन पायांना चिकटलेला. स्नानगृहातल्या आचाऱ्याने तिला केकचा तुकडा दिला होता, बेदाणे घातलेला. तो स्वतः न खाता ती लेकीसाठी घेऊन आली होती. लालेलाल हात पुढे करून ती हसत उभी राहिली.

आदेलाईदने त्या हातांकडे पाहिलं. "बाई गं! ही कोण?"

सलोमेचे कान गरम झाले. "कुणास ठाऊक," ती म्हणाली. "असेल कुणी धुणेवाली."

आईचा हात तसाच राहिला. मग हळूच एप्रनमागे गेला.

"माफ कर हं, मुली," आई सलोमेला म्हणाली, जशी काही ती परक्याचीच पोर. "लांबून तू मला माझी लेक वाटलीस."

टोपली सावरून ती निघून गेली.

सलोमेच्या हातातला पेला खाली पडला. ती पळत सुटली. बाग ओलांडली, मळे ओलांडले, आणि थेट डोंगरावरच्या देवदारांच्या रानात शिरली. तिथं शेवाळाने हिरव्या झालेल्या जुन्यापुराण्या दगडी पायऱ्या होत्या. त्यांवर बसून ती ओक्साबोक्शी रडली. आपलंच तोंड आपल्याला नकोसं झालं तर ते ठेवायचं कुठं?

जवळच कुणीतरी गुदमरल्यासारखं करत होतं. गुळ्ळ... गुळ्ळ... पायऱ्यांमधल्या दगडी कुंडीत एक बारीकसा झरा होता. चिखलाने आणि पानांनी त्याचं तोंड बंद झालं होतं. सलोमे अजून हुंदके देतच होती, पण तिला राहवेना. बाह्या सारून ती खाली वाकली. नखांत माती गेली, चांगला झगा चिखलाने माखला, तरी ती पानं उपसत राहिली. आणि भस्सकन पाणी वर आलं. ऊनऊन, वाफाळणारं!

वाफेतून एक परी बाहेर आली. देवदाराच्या फळाएवढी इवलीशी. तिचे पंख वाफेचेच होते आणि त्यांत इंद्रधनुष्याचे सगळे रंग हलके हलके थरथरत होते.

"श्वास मोकळा झाला गं बाई!" परी म्हणाली. "कोण तू, गुणाची पोर?"

"मी गुणाची नाही," सलोमे म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं.

परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. "या पायऱ्या बघ. रोमन सैनिकांनी बांधल्या. लढाईतल्या जखमा ते इथं धुवायचे. मग ते गेले, लढाया झाल्या, गाव जळालं, रानाने सगळं झाकून टाकलं. झरा कुठं आहे हेच माणसं विसरली. मग एका हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत एक बाई धुणं घेऊन खाली आली. तिला बर्फात एक ओली जागा दिसली. तिने हात घातला, तर पाणी ऊन! जमिनीखालून वाहत गेलेलं याच झऱ्याचं पाणी. तिने गावाला बोलावलं. त्या पाण्याभोवती नवं लिंडेनब्रुन वसलं."

"पण तो तर सरदार..."

"सरदार नंतर आला, घोड्याला पाणी पाजायला," परी म्हणाली. "बाईचं नाव कुणी विचारलंच नाही."

सलोमेची मान आणखीच खाली गेली.

"तू मला मोकळं केलंस. मी तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन," परी म्हणाली. "पण नियम आहेत हं. पहिली इच्छा स्वतःसाठी, दुसरी दुसऱ्यासाठी. बोललेला शब्द मागे घेता येणार नाही. आणि कुणाच्या मनातलं मला पुसता येणार नाही."

सलोमे तेच तर मागणार होती! आईने सगळं विसरावं, हेच. आता काय मागायचं?

"मला लपव," ती पुटपुटली. "मी कुणाला दिसायलाच नको."

परीने उसासा टाकला. "बरं. तुझा आवाज मात्र तुझ्यापाशी राहील. जिथं खोटं बोललीस तिथंच सगळ्यांसमोर खरं बोललीस, तर पुन्हा दिसशील. एरवी नाही."

थंडगार वारा आला आणि सलोमेला आपले पाय दिसेनासे झाले.

ती हलक्या पावलांनी घरी आली. आई दारात बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून. शेजारच्या माड्लेनकाकू तिच्या बोटांना लोणी चोळत होत्या.

"एवढा उशीर झाला, सलू कुठं गं?" काकूंनी विचारलं.

"बागेत खेळतेय. मोठ्या घरच्या मैत्रिणीबरोबर," आई म्हणाली. "माझंच चुकलं, माड्लेन. अशा अवतारात मी तिथं जायला नको होतं. निदान हात तरी लपवायचे. चारचौघांत माझ्यामुळे पोरीला खाली बघावं लागलं."

सलोमे दाराआड उभी होती. लाज तिला वाटायला हवी होती, आणि ती वाटत होती आईला! आईने तर काहीसुद्धा केलं नव्हतं. आईच्या गळ्यात पडावं असं तिला फार फार वाटलं. पण दिसतच नाही ती मिठी कसली?

ती वळली आणि धावत बागेत गेली.

संध्याकाळ झाली होती. लिंडनच्या झाडांवर रंगीत कंदील चमचमत होते, बँड वाजत होता, सगळे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. कामाची वेळ झाली म्हणून टोपली घेऊन आईही आली होती आणि झाडाआडून ओले टॉवेल गोळा करत होती. एप्रन मात्र नवा बांधला होता.

एक गाणं संपलं. बँड क्षणभर थांबला.

"आदेलाईद!" रिकाम्या जागेतून आवाज आला. "मी खोटं बोलले."

सगळे इकडेतिकडे पाहू लागले.

"तो पांढरा बंगला माझा नाही. मी ओढ्याकाठच्या खोपटात राहते." सलोमेचे चिखलाने भरलेले पाय दिसू लागले. "ती धुणेवाली..." झग्याची किनार दिसली. पळून जावं, असंच अर्धवट राहावं, असं वाटलं. "ती धुणेवाली माझी आई आहे. तुम्ही ज्या चादरींवर झोपता ना, त्या ती धुते. मी तिला ओळख दिली नाही."

आता ती सगळीच्या सगळी दिसत होती. चिखलाने माखलेली, रडवेली. कुणी फिसकन हसलं, कुणी कुजबुजलं. आदेलाईदने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मी 'बाई गं' म्हणायला नको होतं." आणि तीही लाल झाली.

कारंज्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य थरथरलं.

"दुसरी इच्छा, सलोमे," परी तिच्या कानाशी म्हणाली.

सलोमेला विचार करावाच लागला नाही. "धुण्याच्या ओढ्याला ऊन पाणी दे. आईला, माड्लेनकाकूंना, सगळ्या बायकांना. म्हणजे कुणाचेच हात दुखणार नाहीत."

परी हसली. ती हसली तशी उजळत गेली, आधी मोत्यासारखी, मग चांदण्यासारखी, मग अशी लख्ख की सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. ओढ्याकडून मात्र पांढरी पांढरी वाफ वर येत होती आणि बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या ऐकू येत होत्या.

आई धावतच ओढ्यावर गेली, सलोमे तिच्या मागोमाग. आईने कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवले. चिरा मिटल्या, लाली उतरली, बोटं मऊमऊ झाली.

सलोमे दोन पावलं मागे थांबली होती. मान खाली, हनुवटी छातीला टेकलेली.

"आई, मला तुझ्याकडे बघवत नाही," ती म्हणाली.

"मग नको बघूस," आई म्हणाली. "मी आहे इथं."

आणि ऊनऊन हातांनी ती लेकीच्या पायांचा चिखल धुऊ लागली. एक पाय झाला, दुसरा झाला. आईने घाई केली नाही. मग हळूच, अगदी हळूच, सलोमेने मान वर केली.