एसीच्या रिमोटचं कुलूप

अरे, काल आमच्या वर्कशॉपमध्ये काय धमाल झाली! पत्रा कापायचा प्रेस अडकला. फिटर कुंदाताईनं मेन स्विच बंद केला, त्याला आपलं कुलूप ठोकलं आणि चावी खिशात टाकली. आता ती प्रेसमध्ये हात घालणार, तेवढ्यात मालक देवकुळेसाहेब गरजले, "कुलूप कशाला? माझ्या माणसांवर विश्वास नाही तुझा? काढ ते आधी!"

ताई म्हणाली, "साहेब, केबिनमधला एसीचा रिमोट तुम्ही कुलपात का ठेवता?"

"अगं, कुणी चुकून बटण दाबलं की मला थंडी वाजते!"

"तुम्हाला नुसती थंडी वाजते, साहेब. माझा हात जाईल."

आम्ही सगळे हसू दाबून उभे! साहेब गुमान केबिनकडे निघाले, पण दारातून वळून म्हणालेच, "चावी खिशातच आहे ना गं?"