स्वरांगीचा टॅब आणि मी

एका गावात एक भोळा बाप राहत होता. गाव आमचंच, कोकणातलं, आंब्यांचं. आणि तो बाप म्हणजे मी. लोक मला भोळा म्हणतात ते तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते विचारायची कधी वेळ आली नाही, कारण कोणी ना कोणी तेही तोंडावर सांगून जातं.

माझं नाव रावजी मांडवकर. घरात बायको सुगंधा आणि सहावीतली मुलगी स्वरांगी. मुलगी हुशार आहे. ती कोणावर गेली, असा प्रश्न गावात कोणाला पडत नाही. सगळे थेट सुगंधाकडे बघतात.

यंदा शिमग्याच्या आधी शाळेत टॅब आले. परुळेकर बाईंनी पालकांना बोलावून सांगितलं की परीक्षेपर्यंत मुलांनी टॅब घरी न्यावेत. परीक्षा झाली की मोठे साहेब येतील. ज्या घरी टॅब नीट वापरला गेला, त्या मुलाला तो सुट्टीभर मिळेल. बाकीचे शाळेच्या कपाटात जातील.

स्वरांगीला तो सुट्टीत हवाच होता. ती टॅबवर पक्ष्यांचं बोलकं पुस्तक करत होती. बागेत हिंडून आवाज भरायचे, चित्र काढायचं, माहिती स्वतःच्या आवाजात सांगायची. तांबट झाला, भारद्वाज झाला, हळद्या झाला. पण पावश्या आणि नवरंग आमच्याकडे बोलायला लागतात ते मे संपता संपता. तेव्हा शाळा बंद. टॅब कपाटात गेला की पुस्तक अर्धंच राहणार. रात्री जेवताना तिने मला हे सगळं समजावून सांगितलं. मला समजलं. इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

टॅब हातात देताना बाई म्हणाल्या, "रावजी, काचेची वस्तू आहे. फार जपा. धक्का लागता कामा नये."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

आम्ही आंबेवाले. वस्तू कशी जपायची हे आम्हाला कोणी शिकवायचं नाही. मी एक नवी पेटी घेतली, तळाला पेंढा घातला, त्यावर टॅब ठेवला, वरून पुन्हा पेंढा घातला आणि झाकणाला खिळे ठोकले. पेटी माळ्यावर चढवली.

संध्याकाळी स्वरांगीने विचारलं, "बाबा, टॅब कुठाय?"

"जपलाय."

"मला अभ्यास करायचाय."

"अभ्यास केलास तर धक्का लागेल गो."

तिने सुगंधाला हाक मारली. सुगंधा म्हणाली, "अहो, ती पेटी काढा खाली." मी म्हटलं, बाईंनी सांगितलंय. बाईंचं नाव काढल्यावर दोघी गप्प बसल्या. आठवडाभर टॅबला एक ओरखडा आला नाही. स्वरांगीचा एक धडाही झाला नाही.

बाईंनी मला शाळेत बोलावलं. "अहो रावजी, नुसता जपून काय करायचाय? तो वापरायला द्या. फक्त आधी पूर्ण चार्ज करा. अर्धवट काढू नका, बॅटरी बिघडते."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

घरी येऊन खिळे उपटले, पेंढा झटकला, टॅब चार्जिंगला लावला. साठ टक्के झाले आणि लाईट गेली. आमच्याकडे लाईट एकदा गेली की तिला परत यायची घाई नसते. सकाळ झाली. त्या दिवशी शाळेत टॅबवर चाचणी होती.

"साठ पुष्कळ झाले बाबा, द्या."

"साठ म्हणजे अर्धवट."

"लाईट कधी येईल काय माहीत."

"येईल तेव्हा येईल. पण बिघडू द्यायचा नाही."

मी प्लगसमोर पाट टाकून बसलो. स्वरांगी रडत रडत तशीच शाळेत गेली आणि दुसऱ्याच्या टॅबमध्ये डोकावून परत आली. लाईट आली ती शाळा सुटता सुटता. शंभर टक्के भरल्यावर मी स्वतः टॅब घेऊन शाळेत गेलो. शाळेला कुलूप होतं. मग बाईंच्या घरी गेलो. त्या चहा पीत होत्या. मी टॅब पुढे केला आणि म्हटलं, "हा घ्या. पूर्ण भरून आणलाय."

बाईंनी कप खाली ठेवला. "रावजी, अडलं म्हणून तिथंच थांबायचं नसतं. असेल तसं पुढे जायचं."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात घरून द्यायची परीक्षा होती. आमच्या घरात रेंज येत नाही. ती अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, फणसाखाली येते. स्वरांगी गडग्यावर बसली. पहिला प्रश्न सोडवला, दुसरा सोडवला. तिसरं गणित होतं. त्याची रीत आठवायला तिने डोळे मिटले.

मी हळूच विचारलं, "अडलं?"

"थांबा हो बाबा, विचार करतेय."

थांबायचं नसतं हे मला आता ठाऊक होतं. टॅबवर कोपऱ्यात 'पुढे' असं लिहिलेलं होतं. मी बोट लावलं. पुढचा प्रश्न आला. त्याचंही उत्तर कोणी लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तोही अडलेला. मी पुन्हा पुढे गेलो. असा जात राहिलो. शेवटी पडद्यावर 'धन्यवाद' आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेने माझे आभार मानले होते.

स्वरांगीने डोळे उघडले. "आलं उत्तर," ती म्हणाली आणि मग तिने टॅब बघितला. ती माझ्यावर ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि घरात निघून गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

या वेळी बाई आमच्या घरी आल्या. "रावजी, अभ्यास तिचा आहे. तुम्ही टॅबला बोट लावायचं नाही. शेजारी बसा, पण हाताची घडी घालून, गप्प. काहीही झालं तरी."

"एवढंच ना?" मी म्हटलं.

मग एक सोपा गृहपाठ आला. 'माझे बाबा' असं शीर्षक. चार ओळी लिहायच्या आणि वर बाबांचा फोटो काढून पाठवायचा. स्वरांगीने लिहिलं, "माझे बाबा दिवसभर आंब्याच्या झाडांवर असतात. त्यांना सगळा गाव ओळखतो. ते कोणाला त्रास देत नाहीत. मला ते फार आवडतात." हे तिने मला वाचून दाखवलं. एवढं सगळं होऊनही तिने असं लिहिलं, म्हणून मला भरून आलं.

फोटोसाठी टॅब गडग्यावर उभा करून ठेवला. तिने माझ्या शर्टाकडे बघितलं. त्यावर आंब्याच्या चिकाचे डाग होते. "धुतलेला शर्ट आणते, इथंच बसा," असं म्हणून ती आत गेली. मी हाताची घडी घालून शेजारी बसलो.

तेवढ्यात फणसावरून वानर उतरला. चांगला मोठा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं आणि टॅबसमोर जाऊन बसला. पडद्यावर त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्याने बोट लावलं. टॅबमधून खटकन आवाज झाला. त्याने दात दाखवून पुन्हा बोट लावलं. मला ओरडावंसं फार वाटलं. पण काहीही झालं तरी गप्प बसायचं होतं, आणि हे 'काहीही झालं' यात बसतंच.

स्वरांगी शर्ट घेऊन बाहेर आली. वानर पळाला. गृहपाठ शाळेत गेलेला होता.

"बाबा, त्याला हाकललं का नाही?"

मी घडी सोडली नाही. बोललोही नाही. ती अजून टॅबजवळ होती.

बाईंनी तो गृहपाठ वर्गाच्या मोठ्या पडद्यावर लावला. खाली दिवसभर आंब्याच्या झाडांवर असतात, कोणाला त्रास देत नाहीत, आणि वर दात काढलेला वानर. मुलं हसून लोळली. त्यातला एक नंतर मला सांगत होता की फोटो जरा हललेला वाटला, बाकी ओळखू आलात. मी त्यावर हसलो. स्वरांगी मात्र त्या दिवशी डबा न खाता परत आली.

बाईंनी आता हात टेकले. मला म्हणाल्या, "यापुढे मी काहीच सांगणार नाही. स्वरांगी सांगेल तेच करायचं. तुमची स्वतःची अक्कल मध्ये आणायची नाही. तेवढं जमेल?"

"एवढंच ना?" मी म्हटलं.

आणि ते जमलं. मी प्रत्येक गोष्ट तिला विचारू लागलो. एकदा पेट्या न्यायला टेम्पो आला. भरू का, असं विचारायला गेलो, तर ती टॅब कानाला लावून धडा ऐकत होती. म्हणाली, "थांबा जरा." टेम्पो संध्याकाळपर्यंत थांबला. ड्रायव्हर मला काय काय बोलला. मी त्याला म्हटलं, मुलीचा अभ्यास चाललाय, हळू बोल.

परीक्षा संपली आणि साहेब यायचा दिवस उगवला. प्रत्येक मुलासोबत घरचं मोठं माणूस हवं होतं. टॅब द्यायचा तो त्याच्या हातात. सुगंधाच जाणार होती, पण आदल्या दिवशी तिचा पाय मुरगळला. स्वरांगीने तिच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

सकाळी शाळेच्या वाटेवर ती थांबली. खाली मान घालून म्हणाली, "बाबा, एक करा. आज तिथं कोणाला सांगू नका, तुम्ही माझे बाबा म्हणून. सगळे वानर वानर करतात. तुम्ही मागं उभे राहा. बाई ओळखतात, त्या घेतील टॅब."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? फार वाईट वाटलं. पण स्वतःची अक्कल मध्ये आणायची नव्हती.

"एवढंच ना?" मी म्हटलं.

शाळेचं अंगण भरलं होतं. साहेबांनी स्वरांगीचं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. तांबट बोलला, भारद्वाज बोलला, मग आमची स्वरांगी बोलली. साहेब खुर्चीत पुढे सरकून ऐकत राहिले. "हे पूर्ण व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. "टॅब हिला सुट्टीभर द्या. हिच्या घरून कोण आलंय?"

बाईंनी मागे माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही हिचे वडील?"

"नाही साहेब."

"मग हिचे वडील कोण?"

मीही मागे वळून बघितलं. तसं कोणी दिसलं नाही.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "घरचं कोणी नसेल तर टॅब देता येणार नाही," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. स्वरांगीचा चेहरा उतरला. ती मुलांमधून वाट काढत आली आणि तिने माझा हात धरला. सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाली, "साहेब, हे माझे बाबा."

"नाही हो साहेब," मी म्हटलं. "पोर लहान आहे. तिचं ऐकू नका."

अख्खं अंगण हसलं. स्वरांगी हुंदके द्यायला लागली. "मीच सांगितलं होतं त्यांना, सांगू नका म्हणून," ती म्हणाली. "ते माझं सगळं ऐकतात."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, हेच वडील. दुसरं कोणी असं करणारच नाही." आणि त्यांनी सुरुवातीपासूनचं सगळं सांगितलं, पेंढ्यापासून. साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग टॅब उचलून त्यांनी स्वरांगीच्याच हातात दिला. "या घरात टॅबला धोका आहे," ते म्हणाले, "पण मुलीला नाही. घेऊन जा."

घरी येताना तिने माझा हात सोडला नाही. बाजारपेठेतून आलो, देवळावरून आलो, सगळे बघत होते, तरी सोडला नाही. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

अंगणात शिरलो. सुगंधा आत पाय लांब करून बसली होती, तिला आम्ही दिसत नव्हतो. तिने आतून विचारलं, "कोण आलं गो? स्वराचे बाबा आले काय?"

स्वरांगीने हसत माझ्याकडे बघितलं. मी थोडा विचार केला. तिने सकाळचं बोलणं अजून मागे घेतलं नव्हतं.

"ते नाही आले," मी म्हटलं.