सशाच्या पिसवा आणि पहिला दिवाळसण

एका गावात एक भोळा केरबा होता. भोळा म्हणजे इतका, की कुणी "जरा थांब" म्हटलं तर जेवणवेळेपर्यंत उंबऱ्यातच उभा राही. पण एक गुण त्याच्यात पक्का होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. घोटाळा एवढाच व्हायचा, की सांगणारा सांगे एकाबद्दल आणि केरबा ते लावी दुसऱ्याला.

केरबाच्या बहिणीचं नाव शेवंता. तिचा एक पांढराशुभ्र ससा होता, पेढ्या. वैशाखात तिचं लग्न झालं. सासरी निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली थोडी आणि सशाच्या गळ्यात पडून रडली जास्त.

"केरबा, दिवाळसणाला येईन तेव्हा याला घेऊन जाईन," ती म्हणाली. "तोवर तू सांभाळ. काय वाट्टेल ते कर, पण मला जिवंत हवा!"

केरबानं मान डोलावली. बहिणीवर त्याचा भारी जीव. त्यानं ते शब्द काळजात कोरून ठेवले.

दसरा झाला आणि पेढ्या खाजवायला लागला. मागच्या पायानं कान खाजवी, तोंडानं पाठ चावी. केरबानं केस बाजूला करून बघितलं, तर काळे ठिपके टुणकन उडाले. पिसवा! घरातल्या काळ्या कुत्र्याच्या अंगावरून सशावर आलेल्या. केरबा तसाच पाण्याकडं धावला. त्यानं बादली भरली आणि सशाला बुडवायला उचललं. नशीब, आईनं पाहिलं.

"ठेव खाली! आधी दवाखान्यात जाऊन विचार."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस. सशाला आंघोळ घालायची नाही. भिजला की धसका घेतो, जीवसुद्धा जातो. बारीक दातांची फणी घे, हळूहळू विंचर, आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडव."

केरबा घोकत घोकत निघाला. भिजवायचं नाही, विंचरायचं. घरून फणी घेतली आणि बाहेर पडतो तो काय, ओढ्यावर त्याचे वडील, आप्पा, म्हैस धूत होते.

"आप्पा, पाणी घालू नका! धसक्यानं मरंल ती!"

त्यानं म्हैस ओढून काठावर आणली आणि आईच्या फणीनं विंचरायला घेतली. म्हशीनं सुखानं डोळे मिटले. फणीचे दात मात्र एकेक करून म्हशीच्या पाठीत राहिले.

"अरं येड्या, फणी सशाला!" आई ओरडली. "म्हशीला कशाला?"

"बरं," केरबा म्हणाला. "आता नाही चुकायचो."

आईनं नवी फणी आणली आणि स्वतःच पेढ्याला विंचरलं. पिसवा निघाल्या, पण चार दिवसांत पुन्हा दिसल्या. मग केरबानं ससा टोपलीत घालून दवाखान्यात नेला. बाईंनी पेढ्याचं वजन केलं, त्याच्या बेतानं औषध घेतलं आणि मानेमागे कातडीवर थेंब टाकला.

"बघून ठेव," त्या म्हणाल्या. "हे सशाचं औषध. कुत्र्याचं औषध याला लावशील तर ससा हातचा जाईल. आणि थेंब टाकायचा तो इथंच, जिथं त्याची जीभ पोचत नाही."

केरबानं नीट बघून ठेवलं. घरी आला तर आप्पांना खोकल्याची ढास लागलेली.

"केरबा, ती खोकल्याची बाटली आण रं. पाज मला चमचाभर."

केरबानं बाटली आणली, आप्पांची मान खाली वाकवली आणि कॉलर मागे ओढून औषध ओतलं.

"आप्पा, जीभ पोचतीया का बघा."

आप्पांनी बिचाऱ्यांनी जीभ काढून बघितली. "न्हाई पोचत."

"मग बरोबर पडलंय."

त्या दिवशी आप्पांना खोकला होताच, वर मुंग्याही लागल्या.

"अरं, खोकल्याचं औषध तोंडातनं घ्यायचं असतंय!" आई म्हणाली.

"बरं. आता नाही चुकायचो."

दिवाळी जवळ आली. बाईंनी पुन्हा बोलावून सांगितलं, "पिसवा अंगावर थोड्या आणि अंथरुणात जास्त असतात. बसायचं गवत फेकून दे, अंथरूण कढत पाण्यात उकळ, कडक उन्हात वाळव. आणि कुत्र्यालाही त्याचं औषध लावून घे, नाहीतर त्या परत येतील."

घरी आईनं पहिल्या दिवाळसणासाठी जावयाला लोकरीची शाल आणून ठेवली होती. चांगली दोन माणसं मावतील एवढी. केरबाच्या डोळ्यांपुढं तेवढंच एक अंथरूण आलं. त्यानं ती हंड्यात घालून रटरटा उकळली. बाहेर काढली तेव्हा ती बाळाच्या टोपड्याएवढी झाली होती.

आईला रडूच फुटलं. "जावईबापू पहिल्यांदा येणार, आणि त्यांच्या हातात हे देऊ? रुसून गेले तर पोरीला काय तोंड दाखवायचं?"

केरबालाही फार वाईट वाटलं. "आई, आता खरंच नाही चुकायचो."

मग सशाचं अंथरूण आईनंच उकळलं, काळ्या कुत्र्याला आप्पांनी दवाखान्यात नेलं, आणि पेढ्या खाजवायचा थांबला. बाईंनी शेवटचं तपासलं. एकसुद्धा पिसू नाही.

"शाबास!" त्या केरबाला म्हणाल्या. "आता एकच सांभाळ. नवीन कोणी दारात आलं की एकदम आत घ्यायचं नाही. आधी गोठ्यात वेगळं ठेवायचं, विंचरून बघायचं, काही दिवस जाऊ द्यायचे. मगच घरात."

केरबा हे वाटभर घोकत आला.

पाडव्याला सकाळच्या एसटीनं शेवंता आणि तिचा नवरा दिगंबरराव आले. दिगंबरराव साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कडक इस्त्री, डोळ्यावर काळा चष्मा. शेवंता धावत थेट सशाकडे गेली. पेढ्या टुणटुणीत बघून तिनं त्याला छातीशी धरलं ते सोडेचना. आई पाटाभोवती रांगोळी काढत होती. तेल, उटणं, ऊन पाण्याचं घंगाळ, सगळं तयार होतं. आईला वाटलं, जावई लेकीपाशी आहेत. लेकीला वाटलं, ते आईपाशी आहेत.

थोड्या वेळानं आईनं हाक मारली, "शेवंते, त्यांना आंघोळीला आण की. पाणी निवतंय!"

"माझ्याकडं कुठं आहेत?"

तेवढ्यात केरबा हातात फणी घेऊन गोठ्याकडून आला. त्यानं घंगाळ पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. धावत येऊन त्यानं सगळं पाणी अंगणात उपडं केलं.

"ताई, पाणी कुणासाठी काढलंस? तूच म्हणालेलीस ना, मला जिवंत हवा म्हणून?"

"अरे, ते सशाला!" शेवंता किंचाळली. "हे कुठं आहेत?"

गोठ्यातून दार धडाधडा वाजलं. "अहो सासूबाई! कडी काढा! या केरबाला झालंय तरी काय?"

आईनं पाटावरच बसकण मारली. केरबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "घाबरू नकोस आई. आज कायबी चुकलो नाही. दाजींना डोक्यापासून मिशीपर्यंत विंचरलं, एक पिसू निघाली नाही. चांगलं स्थळ मिळालं ताईला. एवढी दिवाळी जाऊ दे, मग घेऊ आत."